नऊ सेकंदांसाठी सहा वॅट

रविवार, २ मार्च

बाबांना इथं कायमचं ठेवून घ्यायचं आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे जे काही करीन ते 'त्यांच्या सोयीसाठी' केलं, असं स्वतःला सांगता येणार नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते अकोल्याहून अमरावतीला आले, त्याला आज अठरा दिवस झाले. डोळा उत्तम आहे. रोज सकाळी गॅलरीत उभे राहून रस्ता बघतात आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी किती वाजता आहे ते विचारतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, तिथं घरात एकटा, आई जाऊन चार वर्षं झाली. इथं तीन खोल्या आहेत. नवरा, कुंदन, नोकरीसाठी चंद्रपूरला, महिन्यातून दोनदा येतो. लेक हॉस्टेलवर गेल्यापासून तिची खोली बंद. मी दोन वाजता कॉलेजातून घरी. जागा आहे, वेळ आहे. एवढं कारण पुरेसं वाटतं. (कुणाला पुरेसं, असा प्रश्न मनात आला होता, पण कुकरची शिट्टी झाली.)

आज सरळ विचारलं, इथं काय कमी आहे. म्हणाले, "पट नाई."

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. बाबा पन्नाशीपर्यंत धुरकरी होते, छकड्यावर बसून बैलजोडी पळवणारे. छकडा हाकणं सुटल्यावर कॅमेरा घेतला आणि नांदगाव खंडेश्वरपासून मूर्तिजापूरपर्यंत जिथं पट भरेल तिथं जाऊन शूटिंग केलं. पटावर बंदी होती त्या वर्षांत हेच जुनं शूटिंग पाहून दिवस काढले. अकोल्याच्या घरी दोनशे बारा सीड्या आणि अकरा पेनड्राइव्ह आहेत. सीडी चालवणारं यंत्र मात्र दिवाळीत बंद पडलं.

सौदा असा ठरला. मी सगळे पट टीव्हीवर आणून द्यायचे, हवा तो पट हवा तेव्हा दिसला पाहिजे. बाबा अक्षय तृतीयेपर्यंत थांबणार. करमलं तर राहतील, नाही तर जातील.

बुधवार, ५ मार्च

घरातला जुना कॉम्प्युटर यासाठी वापरता येईल का, ते पाहिलं. मीटर लावून मोजलं: नुसता बसून राहिला तरी अडुसष्ट वॅट. दर वर्षी अकरावीच्या मुलांना वीज कशी वाया जाते ते शिकवते आणि घरात बैलांसाठी चोवीस तास अडुसष्ट वॅट जाळणार? बरं दिसत नाही. पाहायला कुणी नाही म्हणा, पण मी आहे.

चोवीस तास कशाला, पाहायचं तेव्हा सुरू करू, असंही सुचवून पाहिलं. बाबा म्हणाले, बटण दाबून वाट पाह्याची असन तं मी स्टेशनवरच बसतो ना.

म्हणजे सतत चालू राहणारा, आवाज न करणारा, वीज जवळजवळ न खाणारा डबा पाहिजे. संध्याकाळी सिताराच्या दुकानात गेले. ती कॉम्प्युटरचे सुटे भाग विकते, जोडूनही देते; आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेची कामं तिच्याकडेच असतात. डॉक्टर विचारतात तसे प्रश्न विचारले तिनं. एका वेळी किती जण पाहणार? एकच. टीव्ही केवढा? बत्तीस इंची. रोज किती तास? चार-पाच. सलग? मी म्हटलं, हो, सलग.

सोमवार, १० मार्च

तीन दिवस फक्त तुलना केली. पाठकोऱ्या कागदांवर चार तक्ते.

प्रोसेसर सहा वॅटचा घ्यायचं ठरलं. छोट्या डब्यात येतो, पंखा नाही. बाबांच्या जुन्या फाइली टीव्हीला कळत नाहीत. त्या चालू असतानाच टीव्हीला समजेल अशा करून देणं याला जमतं. त्याहून कमी विजेचा एक मिळत होता, पण त्याला हे काम झेपणार नाही, असं सितारा म्हणाली. मेमरी आठ जीबी. मी सोळा म्हणत होते. ती म्हणाली, "मॅडम, आठमधी आरामात होते. बैल पळवून राहिले का रॉकेट?"

भांडण झालं ते डिस्कवरून. तिचं म्हणणं, पाचशे जीबीची एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारं काही नसतं, विषय संपला. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपमधली दोन टीबीची डिस्क पडून आहे, फिरणारी. चांगली वस्तू घरात असताना नवी आणणं मला पटत नाही. शिवाय ती वापरात नसली की झोपवता येते. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की फिरणं बंद, दोन वॅट वाचले. चार तास सलग जागी, वीस तास झोप. गणित इतकं नीटनेटकं होतं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. अशा वेळी मी सावध व्हायला हवं. झाले नाही.

शनिवार, १५ मार्च

मुनव्वरचाचा सीड्या घेऊन आले. बाबांचे अकोल्याचे पन्नास वर्षांचे शेजारी. सुतार, पटाचे हलके छकडे बनवावेत ते त्यांनीच. दोन पिशव्या दारात ठेवल्या, चहा घेतला, डब्याच्या आकाराकडे बघून म्हणाले, "इसमे अपने सब बैल आ जाएंगे, बेटी?" आणि परतीच्या गाडीला निघाले. बाबा त्यांना सोडायला खाली गेले ते पाऊण तासानं आले. बडनेऱ्याची बस लवकर मिळाली नसावी.

रविवार, १६ मार्च

सीड्या उतरवतेय. मी प्रत्येक फाइलला वर्ष, महिना, गाव असं नाव देत होते. बाबांनी पाहिलं आणि चष्मा काढला. "एकोणीसशे नव्याण्णवले काय ओळखू मी? बैलाचं नाव टाक."

मग दिवसभर शेजारी बसून नावं सांगितली. चित्रात धूळ आणि दोन ठिपके असतात. बाबा म्हणतात, हा भगवंतरावचा ढवळा अन् त्याच्यासंगं इकत घेतलेला कोसा. मी विचारलं, कशावरून? "पळते कसा पाह्य ना, आंदी डावा पाय टाकते." मला पाय दिसले नाहीत, पण ढवळा-कोसा लिहिलं. एकूण चौदाशे सहा जोड्या. प्रत्येक पट सरासरी नऊ सेकंद. काढून पाहिलं: सगळ्या जोड्या एकापाठोपाठ एक पळवल्या तर साडेतीन तासांत संपतात. रोजच्या चार-पाच तासांत काय बघतात मग? पुन्हा पुन्हा बघत असतील.

रविवार, २३ मार्च

डबा सुरू झाला. टीव्हीमागे, कंपासपेटीएवढा, काही आवाज नाही. मीटरवर सात वॅट, डिस्क झोपली की पाच. मीटरचा फोटो कुंदनला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

बाबांनी रिमोटनं ढवळा-कोसा लावला. धूळ, झेंडी, संपलं. टीव्ही तसाच ठेवून त्यांनी मुनव्वरचाचांना फोन लावला आणि झेंडी पडायच्या आधी छकडा हलला होता की नव्हता यावर पंचवीस मिनिटं बोलले. मग तोच पट पुन्हा लावला, पुन्हा फोन. दुपारभर हेच. फोनमुळे पाहण्यात सारखा व्यत्यय येत होता. चाचांना ठरावीक वेळी फोन करायला सांगावं का, असं मनात आलं, पण पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले.

सोमवार, ७ एप्रिल

त्रेचाळीस अंश. पंख्याशिवायचा डबा तापतो हे पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तक लिहिणारा वऱ्हाडात राहिला नसावा. कॉलेजातून येऊन पाहते तर डबा कूलरच्या तोंडासमोर स्टुलावर आणि त्याच्यावर माठाचं ओलं पोतं, नीट घडी करून. बाबा म्हणाले, जीव हाय का नाई त्याले.

कुणी शिकलेला माणूस असता तर मी चिडले असते. डबा पुसून कोरडा केला, मागच्या सावलीच्या भिंतीला टांगला, खाली-वर हवेला जागा ठेवली. पंधरा अंश उतरला. हे मीच आधी करायला हवं होतं. पोतं माझ्या चुकीवर घातलेलं होतं, त्यांच्या नाही.

गुरुवार, १० एप्रिल

आज खोटं बोलले. पूर्ण नाही, पण मोजलं तर अर्ध्यापेक्षा जास्त भरेल.

बाबांनी जेवताना सहज विचारलं, "हा डब्बा अकोल्याले चालते का?"

मी म्हटलं, तिथलं इंटरनेट बघावं लागेल.

वाक्य म्हणून त्यात चूक नाही. तिथं जाऊन इंटरनेट बघता येईलच. पण या डब्याला इंटरनेट लागतच नाही. सगळे बैल त्याच्या पोटातच आहेत. कुठल्याही टीव्हीला जोडा, चालेल. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. बाबा 'असं हाय का' म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

शनिवार, १२ एप्रिल

डबा अडतो. आधी जरासा थांबायचा, आता फारच. पट लावला की आतून टक-टक आवाज येतो, पडदा काळा, आणि बऱ्याच वेळानं बैल निघतात. घड्याळ लावलं: डिस्क जागी व्हायला अकरा सेकंद. पट नऊ सेकंदांचा. चाचा फोनवर होते, बाबांनी स्पीकर लावला होता. चाचा म्हणाले, "बैल जीतून घरी गेले बेटी, तुझा डब्बा अजून निघालाच नाही."

मग नोंदी काढल्या. डबा प्रत्येक पटाची वेळ लिहून ठेवतो. नऊ सेकंद पट. चौदा मिनिटं काही नाही. नऊ सेकंद पट. सतरा मिनिटं काही नाही. दिवसातून चौतीस-पस्तीस वेळा. मी डिस्कला दहा मिनिटांनी झोपायला सांगितलं होतं, म्हणजे ती बिचारी नुकती डोळा लावायची आणि बाबा तिला उठवायचे. वीस दिवसांत सहाशे ऐंशी वेळा. म्हातारी डिस्क, कशी टिकणार?

पट कुणी सलग पाहत नसतं. एक जोडी पळते, मग माणसं बोलतात, मग दुसरी पळते. पटावरही तसंच असतं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मीच पाहिलंय. तक्ते चार केले आणि बाबांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही पाहता कसं.

रविवार, १३ एप्रिल

सितारा घरी येऊन एसएसडी बसवून गेली. 'सलग' या शब्दावरून तिनं मला काहीच ऐकवलं नाही, फक्त जुनी डिस्क कानाशी धरली आणि हसली. सगळे बैल नव्या डिस्कमध्ये मावून जागा उरली. मी स्वयंपाकघरात सरबत करत होते तेव्हा ती आणि बाबा बराच वेळ बोलत होते. मीटर: सहा वॅट, कायम. जी दोन वॅटची बचत करायला निघाले होते, त्यातला एक वॅट हातात आला आणि वीस दिवस बाबांना काळा पडदा.

आता डब्यात दोष नाही. आता बाबांना करमायला हरकत नसावी.

गुरुवार, १७ एप्रिल

करमत नाही. पट लागतात झटक्यात, पण पाहणं कमी झालंय. काल अकरा, आज सात. चाचांच्या सुनेची तब्येत बरी नाही, फोन उचलायला त्यांना वेळ होत नाही.

मी रिमोटचे सेल बदलले. रंग थोडे उजळ केले.

रविवार, २० एप्रिल

चाचा सकाळच्या गाडीनं आले, सून बरी आहे. दोघं दिवसभर टीव्हीसमोर. मी कान देऊन ऐकलं. बाबांचं म्हणणं, ढवळा-कोसा त्या वर्षी हरले कारण छकडा जड होता. छकडा चाचांनी बनवलेला. चाचांचं म्हणणं, छकडा फुलासारखा होता, धुरकरी जड होता. धुरकरी बाबा (शूटिंग तेव्हा दुसऱ्या कुणी केलेलं). हा वाद सव्वीस वर्षांचा आहे. दोघं इतक्या जोरात बोलत होते की शेजारच्या कौशल्याबाई दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या. त्यांना बसवून घेऊन दोघांनी तोच पट दाखवला. त्यांनी छकड्याला दोष दिला. चाचा जेवताना त्यांच्यावर रागावलेले होते.

रात्री बाबा म्हणाले, आज लई पट झाले. नोंदीत पाहिलं, फक्त नऊ. मोजण्यात कुठं तरी चूक आहे, तपासायला हवी.

सोमवार, २८ एप्रिल

परवा अक्षय तृतीया. बाबांनी काही म्हटलेलं नाही. पिशवीही भरलेली नाही. म्हणजे राहणार. मला हवं होतं ते होतंय आणि मला तीन दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

आज संध्याकाळी जाऊन समोर बसले. म्हटलं, बाबा, डबा अकोल्याला चालतो. कुठंही चालतो. इंटरनेटचं मी उगाच बोलले.

बाबांनी टीव्ही बंद केला. "मले माईत हाय. सितारानं डिस्क बसवली त्याच दिवशी सांगतलं."

मग गेला का नाहीत, पंधरा दिवस?

"तू खोटं बोलली म्हणून." पुढे म्हणाले, "लहानपणी मार खाल्ला तरी तू खोटं नाई बोलली कधी. मी म्हटलं, पोरीले एवढी गरज हाय तं राहून पाहू."

मी म्हणाले, मला गरज नाही, मला तुमची काळजी आहे. बाबा म्हणाले, तेच. मग म्हणाले, पण मले करमत नाई बाई इथं. खोटं कशाले बोलू मी तरी.

उद्या सकाळच्या गाडीची तिकिटं काढली. दोन. डबा पोचवायला मला जावं लागेलच.

बुधवार, ३० एप्रिल, अकोला

डबा अकोल्याच्या बैठकीत, सावलीच्या भिंतीवर. इन्व्हर्टरला जोडला, सहा वॅट म्हणजे वीज गेली तरी रात्रभर काळजी नाही. बाबांनी आईच्या नावानं घागर भरून ठेवली, पान वाढलं. चार वाजता चाचा, त्यांच्यामागे आणखी तिघं आले. एक पट, मग वीस मिनिटं आरडाओरडा, मग एक पट. मी कोपऱ्यात बसून मीटर बघत होते. कुणीतरी मला विचारलं, पोरी, तू सांग, आधी कोणता बैल पुढे फुटला? मला दिसलं नव्हतं. लाजच वाटली.

उद्या परत.

रविवार, ४ मे

फ्लॅटमध्ये फार शांत आहे. सहा वॅटचा डबा तसाही आवाज करत नव्हता, त्यामुळे हे त्याचं नसावं.

काल बाबांचा फोन आला, डबा अडते. आज पहिल्या गाडीनं गेले. अडला नाही. सगळं तपासलं, नोंदी स्वच्छ. चाचींनी जेवायला बसवलं. जोड्यांचे पाय बघायला शिकले थोडे. खरंच, कोसा आधी डावा टाकतो.

रविवार, ११ मे

शनिवारी पुन्हा फोन. चित्र हलते म्हणे. गेले. चित्र हलत नव्हतं. केबल बदलली तरी. बाबा म्हणाले, आता तू आलीस तं बरोबर दिसते, जेवण झाल्यावर पाह्य. जेवण झाल्यावरही बरोबर होतं. मग संध्याकाळपर्यंत थांबून पाहिलं.

रविवार, २५ मे

चौथा रविवार. माझ्या तक्त्यानुसार बिघाड फक्त शनिवारी सायंकाळी सहा ते सातमध्ये येतो आणि मी पोचायच्या आत जातो. व्होल्टेजचा संशय होता म्हणून आठवडाभराचं मोजमाप लावलं होतं, सरळ रेघ. सिताराला तक्ता दाखवला. तिनं वाचला, परत वाचला आणि म्हणाली, "मॅडम, याचा पार्ट भेटत नाई. जात राहा तुमी." एवढी जाणकार बाई असं मोघम बोलली याचं आश्चर्य वाटलं.

बाबांना आज स्पष्ट सांगितलं की मला दोष सापडत नाही, दुसऱ्या कुणाला दाखवू या. ते म्हणाले, "दुसऱ्याले नाई समजणार. बारीक खोट हाय, पाह्याले वेळ लागन." कुंदन असेल तर त्यालाही आण म्हणाले, दोघांनी पाहिलं तर लवकर सापडेल.

दर वेळी पेचकस, मीटर, केबल असं ओझं नेते म्हणून त्यांनी मधल्या खोलीतलं कपाट रिकामं करून दिलं. अवजारं तिथंच ठेव म्हणाले. वरच्या खणात ठेवली. खालच्या खणात नवी चादर, उशी आणि आईच्या दोन धुतलेल्या सुती साड्या ठेवलेल्या होत्या. अवजारांना चादर कशाला, हे विचारायचं राहून गेलं. तेवढ्यात बाहेर ढवळा-कोसा लागला आणि चाचा माझं नाव घेऊन ओरडत होते.